तीन डेकांच्या जहाजाने सुरुवात करू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जहाजांच्या मॉडेल किटवरचा लेख वाचला. खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला, कारण या छंदाबद्दल कोणी लिहीत नाही. आम्ही लोक आपले कोपऱ्यातल्या टेबलावर तासन्‌तास लाकडाच्या पट्ट्या घासत बसतो आणि घरच्यांना वाटतं हा माणूस अजून दात कोरायच्या काड्याच करतोय. पण लेखातलं एक वाक्य काही केल्या पचेना. नवख्या माणसाने पहिलं किट कुठलं घ्यावं तर म्हणे मनात भरलेलं जहाज घ्यावं, आवड असली की बाकी सगळं जमत जातं. आणि शेजारी फोटो कशाचा, तर तीन डेक (म्हणजे मजले), तीन डोलकाठ्या, तोफांच्या रांगांवर रांगा असलेल्या लाकडी युद्धनौकेचा! म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कात्री तुमच्या हातात आहे.

मी नेमकं हेच केलं होतं. माझं मनात भरलेलं जहाज म्हणजे एचएमएस व्हिक्टरी. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १८०५ मधे ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचं जहाज, १९२२ पासून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या ड्राय डॉकमधे (कोरड्या गोदीत), १०४ तोफा. बॉक्सवरचं चित्र बघूनच मी विरघळलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, चूक त्यांची नव्हतीच, माझी होती. बॉक्स उघडला तेव्हा पट्ट्यांचे जुडगे, पितळी तोफा, दोऱ्याची रिळं, चादरीएवढे प्लॅन, अहाहा. पहिले दोन महिने हवेत होतो. मग कणा उभा राहिला, फासळ्या बसल्या, पहिलं प्लँकिंग, म्हणजे फासळ्यांवर पट्ट्या बसवणं, झालं, दुसरं झालं, आणि मग आल्या तोफांच्या खिडक्या. एका खिडकीला चार बाजूंनी बारीक पट्टीची चौकट, ती कापायची, बसवायची, घासायची. पहिल्या दहा करताना मजा आली, पुढच्या दहा रेडिओ ऐकत केल्या, त्यानंतर रेडिओपण नको वाटायला लागला. कशीबशी एक बाजू संपवली, हल, म्हणजे जहाजाचं धड, उलटा केला आणि दुसरी बाजू तशीच कोरी करकरीत माझ्याकडे बघत होती. वर आणखी लक्षात आलं की डावी रांग उजवीपेक्षा दोन मिलिमीटर वर चढलीय. त्या रात्री हल कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला तो काही वर्षं तिथेच होता.

आता मला काय म्हणायचंय ते सांगतो. मोठ्या जहाजाचं किट अवघड असतं असं सगळे म्हणतात पण ते तितकं खरं नाही. त्यातलं एकेक काम सुटं घेतलं तर बऱ्यापैकी हात असलेला कोणीही करेल. तोफेचा गाडा करणं अवघड नाही: दोन बाजू, दोन आस, चार चाकं, वर नळी, मागून जाड दोर, दोन्हीकडून कप्प्या. एक गाडा एका संध्याकाळी होतो आणि इतका गोड दिसतो की बायकोला उठवून दाखवावासा वाटतो. पण तोच गाडा तिसाव्यांदा करायचा असतो. रिगिंगचं, म्हणजे डोलकाठ्यांच्या दोरांचं, तसंच. डोलकाठीला बाजूने धरून ठेवणारे जे दोर असतात, श्राउड, त्यांच्यावर खलाशांना चढायला आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या असतात. समजा एका बाजूला ८ श्राउड आणि २५ पायऱ्या, म्हणजे २०० गाठी झाल्या. दोन बाजू, तीन डोलकाठ्या, १२०० वर गेलो आणि हे फक्त खालच्या टप्प्याचं, वरचे टप्पे वेगळे. गाठ कुठली तर साधी क्लोव्ह हिच, पाच मिनिटांत शिकाल. म्हणून माझं म्हणणं असं की पहिलं किट निवडताना हे काम मला जमेल का असं विचारू नका, हे काम मला किती वेळा करायचंय ते मोजा. प्लॅन बघायला मिळत असेल तर अक्षरशः पेन घेऊन मोजा, खिडक्या किती, तोफा किती, श्राउड किती, हलला पट्ट्यांचे थर किती. लेखात याबद्दल एक ओळ नव्हती.

बरं, जागेचा हिशेब वेगळाच. व्हिक्टरी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ६९ मीटर, १/७२ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, नुसता हलच ९६ सेंटिमीटर होतो, पुढे नाळेतून निघालेला दांडा आणि बाजूला पसरलेले आडवे वासे धरले तर मीटरच्या बऱ्याच वर जातं. आणि लाकडी जहाज उघडं ठेवता येत नाही, दोऱ्यांवर बसलेली धूळ झटकणं म्हणजे कोळ्याचं जाळं धुण्यासारखं आहे, म्हणजे काचेची पेटी आली, पेटी म्हणजे आणखी मोठी जागा. बॉक्स घेताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

मग पहिलं काय घ्यावं? माझं उत्तर आहे, होडी. जहाज नाही, होडी. एक तर डोलकाठी नसलेली किंवा एकच असलेली. मी व्हिक्टरी गुंडाळून ठेवल्यावर बराच काळ या छंदाकडे फिरकलो नव्हतो, मग एका जुन्या छांदिष्ट गृहस्थांनी मला डोरीचं किट घ्यायला लावलं. डोरी म्हणजे सपाट तळाची, वल्ह्यांची मासेमारीची होडी, कॅनडाजवळच्या समुद्रात ग्रँड बँक्सवर कॉड मासे धरायला शिडाची मोठी जहाजं जायची त्यांच्या डेकवर या होड्या एकात एक घालून रचून ठेवायचे, भांड्यांसारख्या, आणि ते जमावं म्हणून बसायच्या आडव्या फळ्या काढता येतील अशा असायच्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरी गावी लॉवेल घराण्याची होड्यांची कार्यशाळा १७९३ पासूनची, तिथल्या डोरीवरून मॉडेल शिपवेज या कंपनीने किट काढलंय, १/२४ स्केलचं. खरी होडी २० फुटी धरली तर मॉडेल पंचवीसेक सेंटिमीटर, पुस्तकांच्या कपाटात मावतं. याच कंपनीची नवशिक्यांसाठी ओळीने तीन किट आहेत, ही डोरी, १/१२ स्केलची नॉर्वेजियन शिडाची छोटी प्रॅम होडी आणि १/२४ चा मस्कॉन्गस बे लॉबस्टर स्मॅक, म्हणजे शेवंडांसाठीची शिडाची होडी, प्रत्येकात थोडं थोडं नवीन शिकवत नेलंय. यात माझा काही कमिशनचा संबंध नाही बरं का, दुसऱ्या कंपनीची होडी घेतलीत तरी चालेल, होडी घ्या म्हणजे झालं.

होडीत एक गंमत आहे. आत बघता येतं. मोठ्या जहाजात डेकखाली काय गोंधळ घातलाय ते कोणाला दिसत नाही, होडीत फासळी तिरकी बसली तर ती आयुष्यभर दिसणार. त्यामुळे हात आपोआप सावकाश चालतो. आणि फळ्या मोजक्या असतात त्यामुळे एखादी फळी चुकली तर काढून दुसरी करावीशी वाटते, चोवीसमधली चौथी चुकली तर माणूस म्हणतो जाऊ दे, पुट्टी भरू.

प्लँकिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या माणसाचं लाकडी किट हमखास इथेच फसतं आणि माहितीपत्रकात या गोष्टीवर बहुतेक वेळा दीड ओळ असते. हलचा घेर मधे जास्त असतो आणि नाळेकडे कमी. समजा मधल्या फासळीवर वरपासून कण्यापर्यंत टेप लावली तर १२० मिलिमीटर भरलं आणि पट्टी आहे ५ मिलिमीटरची, म्हणजे २४ पट्ट्या लागणार. तीच टेप नाळेजवळ लावली तर भरतंय ७२. आता २४ पट्ट्या ७२ मधे कशा बसतील, प्रत्येक पट्टी तिथे ३ मिलिमीटर करावी लागेल, म्हणजे पुढच्या टोकाकडे निमुळती. हे न करता जो पूर्ण रुंदीच्या पट्ट्या ठोकत जातो त्याच्या पट्ट्या नाळेपाशी एकमेकींवर चढतात, फुगतात, मग तो त्या जबरदस्तीने दाबतो, दाबली की कडेवर उभी राहते, आणि शेवटी पाचर, पुट्टी, आणि देवाची आठवण. मी हे सगळं केलेलं आहे. डोरीवर पहिल्यांदा मी पट्टी आधी कोरडी धरून बघायला शिकलो, पेन्सिलीने खूण, धारदार पात्याने तासणं, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा धरून बघायची. अर्धा तास पाण्यात भिजवून नाळेच्या वळणावर क्लिपांनी नुसती आवळून ठेवायची, रात्रभर सुकू द्यायची, सकाळी क्लिपा काढल्या की पट्टी स्वतःहून तो बाक धरून बसलेली असते, ग्लू लावायच्या आधीच. तो क्षण मला आजही आवडतो. ओल्या पट्टीला ग्लू लावू नका, सुकताना आकसते आणि फटी पडतात. आणि फासळ्यांच्या कडा नाळेकडच्या बाजूने तिरक्या घासून घ्यायच्या, नाहीतर पट्टी फक्त एका कोपऱ्यावर टेकते. आणखी एक, एक पट्टी डावीकडे बसली की पुढची उजवीकडे, एक बाजू संपवून मग दुसरी असं केलंत तर कणा ओढला जातो आणि जहाज केळ्यासारखं होतं.

कण्याचं निघालंच आहे तर, बॉक्स घरी आला की सगळ्यात आधी कण्याची ती सपाट पाटी काढून काचेवर किंवा आरशावर ठेवून बघा. वाकलेली असेल तर त्याच दिवशी परत करा नाहीतर भिजवून, वजन ठेवून सरळ करून घ्या. फासळ्या लागल्यावर काही करता येत नाही.

आता काही वाचक म्हणतील की आम्हाला लाकूडकाम नकोच, आम्ही प्लॅस्टिकचं घेऊ. घ्या की, वाईट काय आहे, उलट रंगकाम शिकायला प्लॅस्टिकच बरं. पण तिथे दोन सापळे आहेत. पहिला स्केलचा. नवख्या माणसाला ७०० हा आकडा ३५० पेक्षा मोठा दिसतो म्हणून जहाज मोठं वाटतं, आहे उलटं, १/७०० म्हणजे खऱ्याचा सातशेवा भाग. १९७१ मधे जपानमधल्या शिझुओका प्रांतातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या चार कंपन्यांनी जहाजं आपसात वाटून घेऊन १/७०० ची वॉटरलाइन सिरीज सुरू केली, वॉटरलाइन म्हणजे पाण्याखालचा भागच नाही, जहाज टेबलावर ठेवलं की समुद्रात असल्यासारखं दिसतं. फार सुंदर मालिका. यामातोसारखी २६३ मीटरची अजस्र युद्धनौका तिथे साडेसदतीस सेंटिमीटरची होते. पण लहान म्हणजे सोपं असं समजू नका. फ्लेचर वर्गाची विनाशिका खरी ११५ मीटरची, १/७०० ला साडेसोळा सेंटिमीटर, तिच्यावरच्या विमानविरोधी तोफा तांदळाच्या कणीएवढ्या असतात आणि चिमट्यातून उडाल्या की कार्पेटच्याच होतात. तीच फ्लेचर १/३५० मधे तेहतीस सेंटिमीटर, तुकडे बोटात धरता येतात, तामियाचं ते किट जुनं असलं तरी नीट जुळतं. पहिल्यांदाच प्लॅस्टिक करणाऱ्याला मी तेच सुचवीन, १/३५० ची एखादी विनाशिका, मोठी युद्धनौका नाही, विमानवाहू तर अजिबात नाही, कारण डेकवरची विमानं मोजा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. आणि ते पितळी फोटो-एच्ड (रसायनाने कोरलेले) रेलिंगचे पत्रे मिळतात ना, ते पहिल्या जहाजाला घेऊच नका, मोह होतो, पण नका.

दुसरा सापळा म्हणजे प्लॅस्टिकची शिडाची जहाजं. हल दोन भागात तयार, प्लँकिंग नाही, म्हणून माणूस खूष होऊन रेव्हेलचं १/९६ चं कटी सार्क उचलतो. १८६९ चं हे चहा वाहणारं क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज, दिसायला इतकं देखणं आहे की मलाही समजतं का उचलतो ते. पण हल दोन संध्याकाळी जोडून झाला की पुढे उरतं ते रिगिंग, आणि ते लाकडी जहाजाइतकंच असतं, वर प्लॅस्टिकच्या डोलकाठ्या दोरा ताणला की वाकतात. म्हणजे सोपा भाग कंपनीने करून दिला आणि तुमच्या वाट्याला गाठी ठेवल्या.

बॉक्सवर जे लेव्हल लिहिलेलं असतं, बिगिनर, इंटरमिजिएट वगैरे, त्यावर फार जाऊ नका. ते ज्याचं तो ठरवतो, सगळ्या कंपन्यांना मिळून लागू असं माप नाही. एकाचं बिगिनर दुसऱ्याच्या इंटरमिजिएटपेक्षा अवघड निघतं. त्यापेक्षा माहितीपत्रक आधी बघा, बऱ्याच चांगल्या कंपन्या ते आपल्या साइटवर ठेवतात. पायरीगणिक फोटो असतील तर उत्तम. नुसते आकडे टाकलेले दोन प्लॅन आणि कुठल्या तरी भाषेतून इंग्रजीत ढकललेली चार पानं असतील तर नमस्कार करून पुढे जा, अनुभवी लोकांना त्यात चालतं, पहिल्या वेळी नाही. पट्ट्यांचा एक थर आहे की दोन हेही बघा. मोठ्या हलला दोन थर असलेले नवख्याला खरं तर सोयीचे, पहिल्या थरातल्या चुका घासून, पुट्टी भरून दुसऱ्याखाली झाकता येतात. पण दोन थर म्हणजे तेच काम दुप्पट, हेही आलंच.

आणि एक गोष्ट कळकळीने. बाजारात चोरलेल्या आराखड्यांची किट फिरतात. एखाद्याने वर्षानुवर्षं अभिलेखागारातले जुने नकाशे अभ्यासून काढलेले प्लॅन कोणीतरी स्कॅन करून, लेसरने फळ्या कापून, भलत्याच नावाने विकतं. स्वस्त असतात म्हणून आपण हुरळतो. आत माहितीपत्रक अर्धवट असतं, तुकडा कमी निघाला तर मागायचं कोणाकडे हा प्रश्न असतो, कारण मूळ कंपनी तुम्हाला ओळखत नाही आणि विकणाऱ्याने दुकानाचं नाव बदललेलं असतं. माझ्या ओळखीच्या एकाच्या किटमधे दोन फासळ्या एकाच आकड्याच्या निघाल्या आणि मधलीच गायब. शेवटी त्याने पुढच्या-मागच्या फासळ्यांवरून अंदाजाने कागदावर आकार काढला आणि प्लायमधून कापली, शिकायला मिळालं म्हणा त्याला, पण पहिल्याच किटला कोणावर ही वेळ येऊ नये.

हत्यारांवर लेखात अर्धा रकाना होता, त्याची गरज नाही. धारदार पातं, छोटं हातड्रिल, चिमटा, दोन-तीन ग्रेडचे पॉलिश पेपर, साधा पांढरा सुतारी ग्लू. झटपट चिकटणारा ग्लू जपून आणि खिडकी उघडी ठेवून, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि बोटं चिकटतात ते वेगळंच. लाकूड घासताना तोंडावर मास्क. बाकी गरज पडेल तसं येत राहतं, हत्यारं गोळा करणं हा तर वेगळाच छंद आहे आणि त्यात आमच्यातले काही लोक कायमचे अडकलेत, जहाज एकही नाही.

आता लेखकाच्या बाजूने एक मुद्दा आहे तो मान्य करतो. आवड नसेल तर होडी तरी कोण पूर्ण करणार? ज्याला व्हिक्टरीच हवीय त्याला डोरी दाखवली तर तो तोंड वाकडं करेल, मीही केलं होतं. अशा माणसासाठी एक मधला रस्ता आहे तो लेखात यायला हवा होता. मोठ्या जहाजांच्या मधल्या भागाचा काप असलेली किट मिळतात, केक कापल्यासारखा जहाजाचा एक तुकडा, त्यात सगळे डेक, दोन्हीकडच्या मोजक्या तोफा, एखादी डोलकाठी, थोडेसे श्राउड. व्हिक्टरीचाही असा काप मिळतो. तोफेचा गाडा करायचा आनंद पूर्ण, पण मोजके गाडे केले की संपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात नाळ नाही, म्हणजे पट्ट्या निमुळत्या करून वळवायची ती सगळी भानगडच नाही, पट्ट्या जवळजवळ सरळ बसतात. वर जहाजाच्या पोटात काय असतं ते दिसतं, पिंपं, तळातले वजनाचे दगड, तुळया, जे पूर्ण मॉडेलमधे कधीच दिसत नाही. डोरी झाल्यावर मी तेच केलं.

त्यानंतर मागच्या वर्षी कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. ती दोन मिलिमीटर वर गेलेली रांग पात्याने उकरून पुन्हा खाली आणली, चौकटी परत केल्या, यावेळी रोज दोनच, जास्त नाही. सध्या वरच्या डेकवर आहे, एकोणीस गाडे झालेत. पुढच्या वेळी या विषयावर पान काढलंत तर फोटो होडीचा टाका एवढीच विनंती. माझ्या डोरीचा पाठवू शकतो, उजवीकडची तिसरी फासळी तेवढी बघू नका म्हणावं.

आपला,
एक वाचक

ता.क. महागड्या क्लॅम्पच्या मागे लागू नका. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याचे दोन्ही भाग सोडवायचे आणि उलटे करून स्प्रिंगमधे परत बसवायचे, म्हणजे सपाट बाजू आत येते. तोंड अरुंद होतं आणि दोन फासळ्यांच्या मधे बरोबर शिरतं. एका होडीला वीसेक पुरतात.